पेशीपटलावर नॅनोकण कसे फिरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यापासून खारघरपर्यंतच्या कॉलेजांतले बी.फार्म. आणि एम.एस्सी.चे विद्यार्थी, रबाळे-महापे पट्ट्यातल्या औषध कंपन्यांत काम करणारे काहीजण आणि पेपरात ‘नॅनो’ वाचून धास्तावलेले काही ज्येष्ठ वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. नॅनोकण पेशीच्या मानाने किती लहान असतो?

साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनोकण म्हणतात. औषधांच्या जगात दोनशेपर्यंतचे कणही याच नावाखाली खपून जातात. माणसाची बरीचशी पेशी १० ते २० मायक्रोमीटरची, म्हणजे १०,००० ते २०,००० नॅनोमीटरची. इथवर कोणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो पटलाच्या जाडीबाबत. पेशीपटल, म्हणजे पेशीला वेढणारा लिपिडचा (मेदासारख्या रेणूंचा) पडदा, जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे ५० नॅनोमीटरचा सोन्याचा कण पटलाच्या जाडीच्या दहापट मोठा! पुस्तकातल्या आकृतीत जाड भिंतीवर बारीक ठिपका काढलेला असतो. ते चित्र डोक्यातून काढून टाका, नाहीतर प्रश्न ७ चं उत्तर पटणार नाही.

२. कण स्वतःहून चालतो का? त्याला कोण ढकलतं?

स्वतःहून अजिबात नाही. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी धडका देत असतात आणि त्या कधीच नेमक्या सारख्या नसतात, म्हणून तो थरथरत भरकटतो. ही थरथर रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये परागकणांमधून बाहेर पडलेल्या बारीक कणांत पाहिली, आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचं गणित मांडलं आणि झाँ पेराँ यांनी ते मोजून दाखवलं. त्यांना १९२६ चं नोबेल मिळालं.

पटलाला चिकटल्यावर आणखी एक गोष्ट होते. ज्या लिपिडला किंवा प्रथिनाला कण चिकटला, ते स्वतःच सरकत असतं आणि कण त्याच्यासोबत जातो. शिवाय कधी कधी पेशी ऊर्जा खर्च करून त्याला ओढते (प्रश्न १०). थोडक्यात, कण कुठे जाईल हे बहुतेक वेळा पटल ठरवतं. मला येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं मूळ हे नजरेआड होण्यात आहे. लोक कणाचा आकार, रंग, कंपनी सगळं लिहून पाठवतात, पण पेशी कोणती होती ते लिहीत नाहीत.

३. पटल म्हणजे पेशीची भिंत ना? मग भिंतीवर काही सरकेल कसं?

प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते, पटल असतं, आणि ते आडव्या दिशेने तेलासारखं वाहतं असतं. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळून एक केली आणि दोन्हींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं वेगवेगळ्या रंगांनी रंगवली. सुरुवातीला अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. ३७ अंशांवर सुमारे ४० मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. ऊर्जेचा पुरवठा तोडला तरी मिसळले. थंड केल्यावर मात्र थांबले. १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी मांडलेलं पटलाचं जे चित्र आज बारावीला शिकवतात, त्यामागे असे प्रयोग आहेत.

प्रयोगशाळेत बनवलेल्या शुद्ध लिपिड पटलात एका रेणूचा विसरणांक (तो किती भराभर पसरतो याचं माप) सेकंदाला १ ते १० वर्ग मायक्रोमीटरच्या घरात असतो. १ धरला तरी तो रेणू सेकंदाभरात सरासरी दोन मायक्रोमीटर लांब पोचतो.

४. मोठा कण हळू आणि लहान कण जलद, हा नियम बरोबर आहे ना?

पाण्यात बरोबर आहे. त्रिज्या दुप्पट झाली की विसरण निम्मं. १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणाचा पाण्यातला विसरणांक खोलीच्या तापमानाला सेकंदाला पाच वर्ग मायक्रोमीटरच्या आसपास येतो.

पटलात रुतलेल्या वस्तूला हा नियम लागू नाही. सॅफमन आणि डेलब्रुक यांनी १९७५ मध्ये दाखवलं की तिथे वेग आकाराच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असतो. म्हणजे प्रथिनाची रुंदी दुप्पट झाली तरी वेगात फारच थोडा फरक पडतो. कारण असं, की पटल हे बाजूच्या पाण्यापेक्षा खूप दाट असलेला पातळ थर आहे आणि मुख्य अडथळा त्या थराचा असतो.

नॅनोकण मात्र या दोघांच्या मधला प्राणी आहे. त्याचं शरीर पाण्यात, पाय पटलात. म्हणून आधी विचारायचं ते ‘पाय किती?’ ४० नॅनोमीटरचा सोन्याचा कण एकाच लिपिडला बांधलेला असेल, तर तो जवळपास त्या लिपिडसारखा फिरू शकतो. त्याच कणाला वीस-तीस रिसेप्टर (कणाला पकडणारी पटलावरची प्रथिनं) धरून बसले, तर तो रेंगाळतो किंवा जागीच खिळतो, आकार तोच असूनही. कणावर अँटीबॉडी किती चढवली हे तुमच्या नोंदवहीत नसेल, तर दोन बॅचमधल्या वेगांची तुलना करायला जाऊ नका.

५. कृत्रिम पटलावर कण झपाट्याने फिरतो, जिवंत पेशीवर तोच कण मंद होतो. असं का?

हा माझा आवडता प्रश्न. जिवंत पेशीत लिपिड आणि प्रथिनं कृत्रिम पटलाच्या तुलनेत पाचपट ते शंभरपट हळू पसरतात. पूर्वी याचं खापर ‘पेशीपटल गर्दीचं आणि दाट असतं’ यावर फोडलं जायचं. जपानमध्ये अकिहिरो कुसुमी यांच्या गटाने ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण लिपिडला बांधून सेकंदाला ४०,००० चित्रं घेतली, तेव्हा वेगळंच दिसलं. कण थोड्या वेळासाठी कृत्रिम पटलाइतक्याच वेगाने फिरतो, पण एका छोट्या कप्प्यात. मग एकदम शेजारच्या कप्प्यात उडी मारतो.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचं उदाहरण घ्या. कंपाउंडच्या आत पोरं मोकाट धावतात, गेट उघडलं की शेजारच्या कंपाउंडमध्ये शिरतात. कासारवडवलीहून मानपाड्याला पोचायला लागणारा वेळ पोरांच्या धावण्यापेक्षा गेट किती वेळाने उघडतं यावर ठरेल. पेशीत कंपाउंडची भिंत म्हणजे पटलाच्या आतल्या बाजूला लागून असलेलं ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं, आणि त्या धाग्यांना बांधलेली, पटलातून आरपार गेलेली प्रथिनं. लिपिड बाहेरच्या थरात असलं तरी या खांबांच्या रांगेतून त्याला वाट काढावी लागते.

उंदराच्या मूत्रपिंडाच्या एका पेशीप्रकारात हे कप्पे सुमारे २३० नॅनोमीटरचे निघाले आणि उडी सरासरी दर ११ मिलिसेकंदांनी. इतर पेशींत कप्पे वेगळे. साधारण ३० ते २५० नॅनोमीटर. ॲक्टिन मोडणारं औषध दिलं की भिंती ढासळतात आणि विसरण वाढतं.

आता आकडेमोड करून पाहा. २३० नॅनोमीटर म्हणजे ०.२३ मायक्रोमीटर, त्याचा वर्ग ०.०५३, भागिले ४ गुणिले ०.०११ सेकंद. उत्तर येतं सेकंदाला सुमारे १.२ वर्ग मायक्रोमीटर. कप्प्याच्या आतला वेग याच्या कितीतरी पट असूनही लांबचा प्रवास एवढ्याच गतीने होतो. आणि साध्या कॅमेऱ्याने, सेकंदाला ३० चित्रं घेऊन पाहिलं, तर दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद जातात, म्हणजे सरासरी तीन उड्या. भिंती दिसणारच नाहीत. दिसेल तो फक्त एक मंद कण.

६. माझ्या प्रोजेक्टमध्ये एमएसडीचा आलेख सरळ रेषेत येत नाही. काही चुकलं का?

बहुधा नाही. मुक्त विसरणात सरासरी वर्ग-विस्थापन (एमएसडी) वेळेच्या प्रमाणात वाढतं, म्हणून सरळ रेषा. कप्प्यांमधलं विसरण असेल तर रेषा आधी उभी चढते, मग वाकते आणि पुढे कमी चढाने पुन्हा सरळ होते. पेशी कणाला एका दिशेने ओढत असेल तर उलट वरच्या बाजूला वळते. वाकडी रेषा हीच तुमची माहिती आहे. ती बळेच सरळ बसवून विसरणांक काढला तर ती फुकट जाते.

आणखी दोन गोष्टी तपासा. रेषा शून्यातून निघत नाही, थोडी वर सुरू होते? ती जागा ठरवण्यातली चूक आहे, कणाची हालचाल नव्हे. ती मोजायची असेल तर तोच कण काचेला घट्ट चिकटवून तितकीच मिनिटं रेकॉर्ड करा. दुसरं, शेवटचे बिंदू. शंभर चित्रांच्या मार्गात नव्वद चित्रांच्या अंतराच्या जोड्या फक्त दहा मिळतात आणि त्याही एकमेकींवर चढलेल्या. तो भाग कितीही नाट्यमय दिसला तरी पहिल्या पंचवीस टक्क्यांपलीकडे निष्कर्ष काढू नका.

मार्गाचं चित्र पाहून ‘इथे गुच्छ, इथे उडी, म्हणजे कप्पे’ असंही बरेचजण लिहितात. कागदावर एक गुच्छ, मग लांब रेघ, मग दुसरा गुच्छ असं दिसतं खरं. पण निव्वळ यादृच्छिक चालीतही असे गुच्छ दिसतात. संगणकावर तितक्याच लांबीच्या शे-दोनशे यादृच्छिक चाली काढा आणि तुमची चाल त्यांत लपवून मित्राला ओळखायला सांगा. ओळखता आली नाही, तर गुच्छांवरून काही म्हणू नका.

७. फिरता फिरता कण आत जातो तो कसा? लहान कण सहज जात असेल ना?

उलट आहे. कण आत जायचा तर पटलाने त्याला चहूबाजूंनी लपेटायला हवं आणि पटलाला वाकायला ऊर्जा लागते. गंमत म्हणजे संपूर्ण गोल लपेटण्याची वाकण्याची किंमत कणाच्या आकारावर अवलंबून नसते. पटलाची ताठरता उष्णतेच्या ऊर्जेच्या सुमारे २० पट धरली, तर ही किंमत सुमारे ५०० पट येते, कण १० नॅनोमीटर त्रिज्येचा असो की ५० चा.

ही किंमत भागते ती चिकटण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेने, आणि ती मात्र पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. ५० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाचं क्षेत्रफळ १० वाल्याच्या पंचवीसपट. म्हणून लहान कणाला लपेटलं जायला दर वर्ग नॅनोमीटरमागे पंचवीसपट घट्ट चिकटावं लागतं. तेवढा चिकटपणा नसेल तर तो अर्धवट लपेटलेल्या अवस्थेत पटलावर हिंडत राहतो, सुटून जातो, किंवा इतर कणांची वाट पाहतो (प्रश्न ९).

फार मोठ्या कणाला वेगळा त्रास: लपेटायला पटल आणि रिसेप्टर गोळा होईपर्यंत वेळ लागतो. सोन्याच्या कणांवरच्या प्रयोगांत ५० नॅनोमीटर व्यासाच्या आसपासचे कण पेशींनी सर्वांत जास्त घेतले, ते या दोन अडचणींच्या मधलं ठिकाण म्हणून. मात्र हा आकडा पाठ करून दुसऱ्या कणाला लावू नका.

८. धन प्रभाराचे कण जास्त चांगले चिकटतात. मग सगळे कण तसेच का बनवत नाहीत?

पेशीचा पृष्ठभाग एकूणात ऋण असतो, म्हणून धन कण चटकन चिकटतात, हे खरं. पण घट्ट चिकटलेला कण फिरत नाही (प्रश्न ४), आणि प्रभार फार वाढला तर पटलाला भोकं पडतात. धन प्रभाराच्या डेंड्रिमरनी (झाडासारख्या फांद्या असलेल्या रेणूंनी) लिपिडच्या थराला पाडलेली भोकं अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली दिसली आहेत. रक्तात तर असे कण क्षणात प्रथिनांनी माखतात. चिकटणं म्हणजे काम होणं नव्हे.

९. दोन कण एकमेकांना न शिवताही जवळ येतात असं वाचलं. ही काय भानगड?

कण पटलाला चिकटला की त्याच्याभोवती पटल वाकतं. शेजारी दुसरा कण असेल तर त्याचाही खळगा असतो. दोन्ही खळग्यांची एकत्रित वाकण्याची ऊर्जा अंतरानुसार बदलते, आणि तेच कणांमधलं ओढण्याचं किंवा ढकलण्याचं बल. कणांमध्ये प्रभार किंवा चुंबकत्व काहीही असायची गरज नाही. १९९९ मध्ये कोल्टोव्हर, रॅडलर आणि सफिन्या यांनी मोठ्या लिपिड पिशव्यांवर चिकटवलेले कण एकमेकांकडे येऊन शिस्तबद्ध गट करताना दाखवले. लहान कणांना एकेकटं लपेटणं परवडत नाही, तेव्हा ते रांगेने एका नळीत लपेटले जाऊ शकतात.

सावधगिरीची सूचना: पेशीवर कणांचा घोळका दिसला की लगेच हे कारण पुढे करू नका. बाटलीतच गुठळ्या झाल्या असण्याची शक्यता आधी तपासा.

१०. विषाणूसुद्धा असेच फिरतात का?

आकाराने ते नॅनोकणच. फ्लूचा किंवा करोनाचा विषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास. पण उत्क्रांतीने त्यांना काही युक्त्या दिल्या आहेत.

फ्लूच्या विषाणूवर दोन प्रथिनं असतात. एक पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरतं, दुसरं तेच सायलिक आम्ल कापतं. एकेक बंध कमजोर, पण असंख्य. मागचे कापत, पुढचे धरत विषाणू पृष्ठभागावर सरकत राहतो आणि आत शिरायला योग्य जागा गाठतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत घराघरात माहीत झालेलं ओसेल्टामिवीर हे कापणाऱ्या प्रथिनालाच अडवतं. त्याचा मुख्य परिणाम मात्र नव्या विषाणूंना पेशीपासून सुटू न देण्यात आहे.

दुसरी युक्ती पेशीच्या बारीक बोटांवरची, म्हणजे फिलोपोडियावरची. बोटाच्या टोकाला चिकटलेला विषाणू आतल्या ॲक्टिनच्या मागे सरकणाऱ्या प्रवाहाबरोबर पेशीच्या अंगाकडे ओढला जातो. ईजीएफ या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाला जोडलेले क्वांटम डॉटही (चमकणारे नॅनोकण) असेच ओढले जाताना दिसले आहेत. इथे मार्ग सरळ असतो आणि एमएसडी वर वळतो (प्रश्न ६).

११. सीरम नसलेल्या माध्यमात कण सुरेख काम करतात, सीरम टाकलं की सगळं बदलतं. कंपनीला दोष द्यायचा का?

बाटलीवर ‘५० नॅनोमीटर’ लिहिलेलं असतं ते बाटलीतलं मोजमाप. सीरममध्ये (गोठलेल्या रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवात) गेल्याक्षणी कणावर प्रथिनांचा थर बसतो, आणि पेशीला भेटतो तो हा थर, तुमचं सोनं नव्हे. थरामुळे आकार वाढतो, प्रभार झाकला जातो, चढवलेली अँटीबॉडी गाडली जाऊ शकते.

हा थर नेहमी शत्रूच असतो असं नाही. शिरेतून दिलेल्या काही लिपिड नॅनोकणांवर रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई बसतं आणि यकृताच्या पेशी ते ओळखून कण आत घेतात. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान हे औषध याच वाटेने यकृतात पोचतं. माझा आग्रह इतकाच: फक्त सीरमविरहित निकालावर औषधाबद्दल विधान करू नये. अहवालात दोन्ही छापा.

१२. चार अंशांवर कण आत गेले नाहीत, म्हणजे रस्ता एंडोसायटोसिसचाच, असं लिहू का?

‘ऊर्जेवर अवलंबून असलेला रस्ता दिसतो’ इतपतच लिहा. थंडीत एंडोसायटोसिस (पेशीने पटलात लपेटून आत घेणं) थांबतो हे खरं, पण पटलही ताठर आणि दाट होतं, आणि कणाचं चिकटणंही बदलतं. पृष्ठभागावरचं सरकणं मंदावतं, पूर्ण थांबेलच असं नाही. जोडीला ऊर्जा रोखणारं रसायन ३७ अंशांवर वापरून पाहा.

१३. लाल रक्तपेशीत एंडोसायटोसिस नसतो. मग तिच्यावर कण काय करतात?

परिपक्व लाल पेशीत केंद्रक नाही आणि कण ओढून घेणारी नेहमीची यंत्रणाही नाही. पटलाखाली स्पेक्ट्रिन या प्रथिनाचं जाळं असल्यामुळे कप्पे तिथेही आहेत. कण बहुधा पृष्ठभागावर स्वार होऊन राहतो आणि पेशी फुफ्फुसाच्या अरुंद केशिकांतून घासत जाते तेव्हा खरवडला जातो. फुफ्फुसात औषध पोचवण्यासाठी या स्वारीचा मुद्दाम वापर करण्यावर संशोधन चालू आहे.

१४. घोडबंदरच्या धुळीतले कण आमच्या फुफ्फुसाच्या पेशींवर असेच फिरतात का?

बांधकामाची धूळ बहुतांशी भरड असते. तिचा मोठा भाग नाक-घशातच अडकतो. पीएम २.५ म्हणजे २,५०० नॅनोमीटरपर्यंतचे कण, तेही बरेचसे नॅनो नव्हेत. ट्रक आणि बसच्या डिझेलच्या धुरात मात्र शंभर नॅनोमीटरखालचे कण भरपूर असतात आणि ते वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे पेशीपटलाआधी सर्फॅक्टंटचा (वायुकोश मिटू न देणाऱ्या द्रव्याचा) थर लागतो आणि भक्षक पेशीही टपलेल्या असतात. काही कण पेशीपर्यंत जातात, पण प्रयोगशाळेतल्या स्वच्छ सोन्याच्या कणांवरून त्यांच्या चालीचा अंदाज बांधता येत नाही.

१५. आणि सुवर्णभस्म? सनस्क्रीन?

सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण आढळले आहेत, पण ते बहुधा मोठ्या गुठळ्यांत असतात, आणि पोटात गेल्यावर प्रश्न ११ सुरू होतो. ‘नॅनो आहे म्हणून गुणकारी’ किंवा ‘नॅनो आहे म्हणून घातक’ असं दोन्हींपैकी काहीच त्यावरून निघत नाही. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड निरोगी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातच बहुतांशी राहतं. जिवंत पटलाशी त्याची सहसा गाठ पडत नाही.

१६. लिपोसोम तर स्वतःच लिपिडचा. तोही कणासारखाच धरायचा का?

नाही, हा खरा अपवाद. लिपोसोम म्हणजे औषध भरलेली लिपिडची बारीक पिशवी. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी ज्या लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईकांनी दुकानं पालथी घातली, ते याच जातीचं औषध. सोन्याचा कण कडक असतो, लिपोसोम मऊ. मऊ कण पटलाला भिडला की चपटा होऊन पसरतो. त्यामुळे चिकटतो सहज, पण पूर्ण लपेटला जायला कडक कणापेक्षा जड जातो. प्रश्न ७ मधली आकडेमोड त्याला जशीच्या तशी लावू नका. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण असलेले लिपोसोम तर कशालाच लवकर चिकटू नयेत म्हणून बनवलेले असतात, त्यांचं पटलावरचं फिरणं शोधत बसण्यात अर्थ नाही.

१७. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली यातलं काय दिसू शकेल?

साध्या प्रकाशात ४० नॅनोमीटरचा सोन्याचा कण दिसणार नाही. डार्क-फील्ड कंडेन्सर असेल तर तो हिरवट चमकता ठिपका म्हणून दिसतो. ठिपक्याची रुंदी मात्र दोनशे-अडीचशे नॅनोमीटर. ती प्रकाशाची मर्यादा आहे, कणाचा आकार नव्हे. ठिपक्याचा मध्य मात्र काही दहा नॅनोमीटरपर्यंत अचूक काढता येतो आणि कणांचा माग काढण्याची सगळी विद्या त्यावरच उभी आहे.

कंडेन्सर नसेल तर एक मायक्रोमीटरचे पॉलिस्टायरीनचे मणी पाण्यात घ्या, मोबाइल आयपीसला लावून व्हिडिओ काढा आणि एमएसडी काढायची सवय करा. त्यांचा विसरणांक खोलीच्या तापमानाला सेकंदाला साधारण अर्धा वर्ग मायक्रोमीटर यायला हवा. दुप्पट आला तर स्लाइडमध्ये प्रवाह आहे: कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करा आणि दहा मिनिटं थांबून पुन्हा रेकॉर्ड करा. पेशींवरचं काम त्यानंतर, आणि ते खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) संस्थेत मार्गदर्शक मिळाल्यावरच सुरू करा.